सवलतीत गेलेले बाबा

घर दिसायला लागलं तशी त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागच्या सीटकडे वळून म्हणाला,

"बाबा, एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. तुम्ही गेला आहात."

बाबा काच खाली करत होते. त्यांचा हात थांबला.

"कुठे?"

"वारलात. नुकतेच. आईला हवापालट हवा म्हणून आपण महिनाभर आलोय. तुम्ही आता माझे काका. बाबांचे धाकटे भाऊ."

"धाकटे?" आई म्हणाली. "हे केस घेऊन?"

बाबांनी काच पूर्ण खाली केली. समुद्राचा खारट वारा आत आला. तो त्यांनी थोडा वेळ अंगावर घेतला.

"कशानं गेलो?"

"झोपेत."

"बरं झालं. त्रास नाही झाला," बाबा म्हणाले. "चल, घे गाडी."

घरात त्याला सवलतराव म्हणत. हे नाव आईनं कौतुकानं ठेवलं होतं आणि बाबांनी ते नातेवाइकांत पोचवलं होतं. फुकट मिळालेल्या वस्तूचं सवलतरावांना अप्रूप नसे. घासाघीस करून मिळाली तरच ती गोड लागे. मुक्कामाची जागा शोधावी तर त्यांनीच. फोटोत समुद्र दिसतो म्हणजे खोलीतून दिसेलच असं नाही, फोटो गच्चीवर चढून काढलेला असू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून या घराच्या मालकीणबाईंना त्यांनी कळवलं होतं, की कृपया पलंगावर आडवं पडून खिडकीचा फोटो काढा. बाईंनी खरोखर आडवं पडून काढला. फोटोत समुद्र होता, आणि खालच्या कोपऱ्यात बाईंचा अंगठा.

तो फोटो बाबांनी आपल्या फोनवर मागून घेतला होता. नोकरीभर ते आणि आई कुणाच्या लग्नाकार्याशिवाय कुठे गेले नव्हते, आणि तिथेही बायका एका खोलीत नि पुरुष दुसरीत. निवृत्त झाल्यावर बाबांनी एकच गोष्ट मागितली होती. सकाळी डोळे उघडले की दोघांना पडल्यापडल्या पाणी दिसलं पाहिजे.

तेवढ्यासाठी सवलतरावांनी बाबांना मारलं होतं. काम अगदी सोपं झालं होतं. महिन्याच्या तारखा टाकल्या, आई नुकतीच एकटी पडल्याचा संदेश पाठवला आणि पुढच्याच मिनिटाला दर खाली आला.

मालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीच बोलल्या नाहीत. ते सवलतरावांना फार अवघड गेलं. बोलल्या असत्या तर उत्तर तयार होतं.

"पलंगावरची दुसरी उशी मी काढून ठेवलीय," वर नेताना त्या आईला म्हणाल्या. "रिकामी उशी बघवत नाही. माझं मला माहीत आहे."

काकांची सोय बाहेरच्या खोलीत, घडीच्या खाटेवर केली होती. त्या खोलीलाही खिडकी होती. तिच्यातून बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसत होती.

चहाच्या वेळी आई मालकीणबाईंना प्रवासात काय काय झालं ते सांगत होती. सांगता सांगता तिनं बाबांच्या नाकावरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि बोलणं चालूच ठेवलं. सवलतराव तेव्हा गरम पाण्याच्या नळाची चौकशी करत होते.

सुरुवातीला सगळ्यांना मजा वाटली. "भाऊजी, साखर किती?" आई विचारी, आणि बाबा "वहिनी, तुमच्या हाताला येईल तेवढी," म्हणत. सवलतराव कोपऱ्यात लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत आणि ओठांतल्या ओठांत हसत.

पण मालकीणबाई रोज पहाटेच झाडांना पाणी घालायला वर येत, आणि बाल्कनीचा रस्ता बाहेरच्या खोलीतून होता. त्यामुळे काकांना खाटेवरच सापडणं भाग होतं. आई आतून उठून येई आणि खाटेशी उभी राहून सांगे,

"आज एक पांढरं जहाज होतं. बराच वेळ हललंच नाही."

"हो का, वहिनी," बाबा म्हणत, आणि भिंतीकडे बघत.

सवलतराव त्या वेळी खाटेशेजारी गादीवर तोंडावर पांघरूण घेऊन झोपलेले असत. पुढेपुढे नुसतेच पांघरूण घेऊन पडलेले असत.

एका दुपारी बाबा खालच्या ओट्यावर मालकीणबाईंबरोबर मटार सोलत बसले होते. सवलतराव जिन्यात पोचले आणि बाईंचा आवाज ऐकून तिथेच थबकले.

"कसे होते हो तुमचे भाऊ?"

"देवमाणूस," बाबा लगेच म्हणाले.

"असं?"

"आवाज चांगला होता. दिसायलाही बरा. बायकोनं कधी त्याची कदर केली नाही, पण तक्रार म्हणून नाही."

बाई हसल्या. ताटात दाणे पडत राहिले.

"गेल्याचं तुम्हाला कळलं कसं?"

"मुलानंच सांगितलं. प्रवासात होतो."

"धक्का बसला असेल."

"बसला थोडा." बाबांनी एक शेंग उघडली, आत बघितलं, पोकळ निघाली म्हणून बाजूला टाकली. "एक खोड होती त्याला. पोरगा लहानपणापासून काहीबाही थापा मारून काम काढायचा. हा कधी रागावला नाही. उलट चारचौघांत सांगायचा, आमचा फार चलाख आहे म्हणून. एक मुस्काटात दिली असती तर कदाचित अजून जगला असता."

सवलतराव जिन्यात खाली बसले. वर जावं तर पायरी वाजली असती.

बाबा त्यांच्या शेजारून जिना चढून गेल्यावर सवलतराव ओट्यावर आले. मालकीणबाई मटारची सालं गोळा करत होत्या.

"मावशी, ते काका..."

"बाबा आहेत तुझे," बाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी कळलं. दिराचा चष्मा कुणी असा नाकावरून काढून पुसत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू कधी बोलतोस बघू."

"आणि आता त्यांना विचारलंत ते?"

बाईंनी सालं टोपलीत टाकली.

"आमचे हे गेल्यावर येईल तो त्यांच्याबद्दल बोलून गेला. त्यांचं स्वतःचं काय म्हणणं होतं ते कुणाला विचारता आलं नाही. इथे आयता माणूस समोर बसला होता."

सवलतरावांची नजर टोपलीवरून हलेना. "मी दराचा फरक देतो. जो काय होईल तो."

"कसला फरक?"

"तुम्ही माझा संदेश वाचून दर कमी केलात ना, तो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "अरे, महिनाभर राहील त्याला तोच दर असतो. सगळ्यांना. फोटोंच्या खाली लिहिलंय. तू तारखा टाकल्यास तेव्हा आपोआप कमी झाला असेल." मग म्हणाल्या, "तुझा संदेश मी दुसऱ्या दिवशी वाचला. वाचून मग ती उशी काढली."

त्या आत गेल्या आणि उशी घेऊन आल्या. अभ्रा नुकताच इस्त्री केलेला होता. उशी त्यांनी सवलतरावांच्या हातात दिली आणि मटारचं ताट उचलून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

जिना चढायला सवलतरावांना बराच वेळ लागला. बाबा खाटेवर बसून फोन बघत होते. फोनवर समुद्र होता, आणि कोपऱ्यात अंगठा. आतल्या खोलीत आई खिडकीशी उभी होती.

"बाबा," सवलतराव म्हणाले. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले.

आईनं वळून पाहिलं. बाबांनी फोनवरून मान वर केली नाही.

"ते तर गेले ना रे," ते म्हणाले. "काय काम होतं तुझं त्यांच्याकडे?"

सवलतराव उशी छातीशी धरून दारात उभे राहिले.