वेळेचा रकाना

“मग काढून टाक ना ते,” आमच्या टीमचा प्रमुख अभिराज माझ्या खुर्चीमागून म्हणाला. “एवढा काय विचार करतेस, मथुरा?”

स्क्रीनवर आलेख होता. निळे ठिपके रेघेला धरून होते आणि पार तळाशी लाल ठिपक्यांचा एक घोळका बसला होता. निळे म्हणजे बंगळुरातल्या सहा तळ्यांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. लाल म्हणजे फक्त होन्नकेरे तळ्याचा, आणि तोही फक्त मल्हाररावांनी मोजलेला. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी दोन आठवडे एक मॉडेल बसवत होते. तापमान, पाऊस, महिना, सांडपाणी एवढं दिलं की पाण्यात ऑक्सिजन किती असायला हवा ते त्यानं सांगायचं. सगळं बसत होतं, हे लाल ठिपके सोडून.

“आपल्या लॅबची गाडी महिन्यातून एकदा त्याच तळ्यावर जाते,” मी म्हणाले. “तिचे आकडे सात, साडेसात. आणि यांचे दीड, दोन. एकाच आठवड्यात?”

“म्हणजे घरी बसून रजिस्टर भरतोय म्हातारा. ऑब्व्हियस आहे यार. डेडलाइन शुक्रवारची आहे.”

मी एक ओळ लिहिली आणि मल्हाररावांचे सगळे ठिपके गेले. मॉडेल पुन्हा चालवलं. ते किती चपखल बसलंय हे सांगणारा आर-स्क्वेअर नावाचा आकडा असतो, तो त्रेचाळीस शतांशावरून एक्क्याऐंशीवर गेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. खाली जाऊन मी कॉफी प्यायले आणि वर येऊन अहवालात एक वाक्य टाकलं: ‘होन्नकेरे येथील नोंदी प्रत्यक्ष जागेवर न जाता केल्या गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.’ शक्यता नाकारता येत नाही! काय तो आव! आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मल्हारराव आमच्याकडे कंत्राटावर पाणी मोजायचे. मंगळवार आणि शुक्रवार, नऊ वर्षं. राहायचे राजाजीनगरला आणि तळं इलेक्ट्रॉनिक सिटीच्या मागे, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. जुनी टीव्हीएस मोपेड, मागे मीटरची पेटी बांधलेली. महिन्याच्या एक तारखेला रजिस्टर द्यायला ऑफिसात यायचे आणि माझ्या टेबलाशी हमखास थांबायचे. “जेवलात का अक्का?” दुपारचे तीन वाजलेले असले तरी हेच. मी पुण्याहून इथं येऊन आठ वर्षं झाली, दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी. त्यांची ती कानडी मिसळलेली मराठी ऐकली की मला बरं वाटायचं. एकदा मी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? तर म्हणाले, “कुठलं म्हणून सांगू? आमचे खापरपणजे घोड्यावरनं आले म्हंतात. आमी टीव्हीएसवर फिरतो.” आणि स्वतःच हसले.

अशा माणसाला, ते वाक्य लिहिण्याआधी, मी एक फोन केला नाही. नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता.

ऑफिसनं माझ्या वाक्यातली ‘शक्यता’ तेवढी गाळली आणि त्यांच्या घरी पत्र धाडलं. तळ्यावर न जाता खोट्या नोंदी केल्या, सबब कंत्राट रद्द. चार दिवसांनी ते आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मीटरची पेटी, परत करायला आणलेली. माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी कानाला हेडफोन लावलेले होते, त्यात काही वाजत नव्हतं.

“अक्का, काय चुकलं तेवढं सांगा की. मी परत तसं करणार न्हाई.”

“अभिराजशी बोला ना तुम्ही,” मी स्क्रीनकडे बघत म्हणाले. “माझ्या हातात नाहीये ते.”

“सरी,” म्हणजे बरं, एवढंच म्हणाले, पेटी टेबलाच्या कडेला नीट ठेवली आणि गेले. मी हेडफोन काढले नाहीत. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

त्यांच्या जागी नवीन मुलगी लागली. तिचे आकडे सात, आठ, कधी नऊ. ठिपके रेघेवर येऊन बसायला लागले आणि पुढच्या तिमाहीच्या अहवालात मी लिहिलं की होन्नकेरेच्या पाण्यात सुधारणा आहे. सात महिन्यांनी, मार्चमधल्या एका सकाळी, त्या तळ्यात मासे मेले. थोडेथोडके नाही. फोटोत काठ दिसत नव्हता, नुसती पांढरी पोटं. आदल्या दिवशीचा आमचा आकडा होता आठ पूर्णांक एक. आठ ऑक्सिजनच्या पाण्यात मासा गुदमरून मरत नाही.

मी स्टोअरमधून मल्हाररावांची जुनी रजिस्टरं काढून आणली. मूळ रजिस्टर मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! माझ्याकडे यायची ती टाइप केलेली फाइल. टायपिंगचा तक्ता मीच बनवला होता: तारीख, जागा, तापमान, ऑक्सिजन. रजिस्टरात आणखी एक रकाना होता, वेळेचा. तो मी तक्त्यात घेतलाच नव्हता. पाणी मोजायला सगळे दहा-अकरालाच जातात, मग उगीच टाइप कशाला करायचं, असं मी ठरवलं होतं.

मल्हाररावांच्या बारीक, उभट अक्षरात लिहिलं होतं: ५.२०. ५.१५. ५.२५. पानामागून पान. पहाटेचे सवापाच, साडेपाच.

तळ्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच ऑक्सिजन पाण्यातून ओढून घेतं. म्हणून उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. तळं खरंच किती आजारी आहे ते कळतं तेव्हाच. अकराला गेलात तर घाण तळंसुद्धा ठणठणीत दिसतं. हे बारावीच्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, एमएस्सी आहे मी, पर्यावरणशास्त्रात, पहिल्या वर्गात पास झालेली. आग लागो त्या पहिल्या वर्गाला.

एका शुक्रवारच्या नोंदीशी मी थांबले. वेळ १०.४०. ऑक्सिजन ६.९. शेऱ्यात कानडीत लिहिलं होतं, ते मी अक्षरं लावत वाचलं: गाडी पंक्चर, उशीर झाला. घरी बसून आकडे रचणारा माणूस हे कशाला लिहील? हा ठिपका तर माझ्या रेघेवर अगदी बरोबर बसला असता. पण मी ठिपके तपासले नव्हते, माणूसच गाळला होता.

मी सगळी रजिस्टरं तीन दिवस बसून स्वतः टाइप केली. वेळेचा रकाना घातला आणि मॉडेल पुन्हा बसवलं. एकही ठिपका न काढता आर-स्क्वेअर अठ्ठ्याऐंशी. लाल ठिपके जागच्या जागी जाऊन बसले. सहा तळ्यांच्या सगळ्या माहितीत सगळ्यात खरी माहिती त्यांचीच होती. मी लॅपटॉप मिटला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

अभिराजला दाखवलं. मूर्ख नाहीये तो, त्याला लगेच कळलं.

“पुढच्या रिपोर्टमध्ये मेथडॉलॉजी अपडेट म्हणून टाकू,” तो म्हणाला.

“आणि मल्हारराव?”

“अगं, त्याला आता कुठे शोधतेस? लेटर मागे घेतलं की कंपनीची चूक लेखी मान्य केल्यासारखं होतं. लीगलवाले खातील मला.”

“चूक कंपनीची नाही. माझी आहे.”

“मग तर अजिबातच बोलू नकोस,” तो म्हणाला, आणि खरं सांगते, ते तो माझ्या काळजीपोटी म्हणाला.

मी माझ्या नावानं पत्र लिहिलं. मल्हाररावांच्या नोंदी खऱ्या होत्या, चूक माझी होती, खाली सही. रविवारी एचएसआर लेआउटमधल्या माझ्या घरून निघाले तेव्हा वाटत होतं, पत्र द्यायचं, माफी मागायची, दोन शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं. म्हणजे तेव्हासुद्धा मी माझंच बघत होते.

राजाजीनगरला एका भांड्यांच्या दुकानावर त्यांचं घर होतं, बाहेरून जिना. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, सकवारबाई. तळ्याच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर बाईंचा चेहराच बदलला.

“आता आणि काय राहिलंय?”

“कोण गं?” आतून मल्हारराव म्हणाले आणि बाहेर आले. लुंगी, हातात कानडी पेपर. वाळले होते. मला बघून म्हणाले, “या की अक्का. बसा.”

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. पत्र पुढे केलं आणि तोंडानं सगळं सांगून टाकलं. तुमचे आकडे बरोबर होते. मी वेळ बघितली नाही. मीच ते वाक्य लिहिलं होतं, तुम्ही टेबलाशी आलात तेव्हा मला माहीत होतं, आणि मी तुमच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी पत्राला हात लावला नाही. “मला नको,” ते शांतपणे म्हणाले. “हिला सांगा.”

“काय सांगायचं?”

“हेच. मी तळ्यावर जायचो म्हणून.”

मला कळेना. मी सकवारबाईंकडे वळले. शेवाळ, ऊन, रात्र, जमेल तसं सांगितलं. पहाटे जाणं हेच बरोबर होतं, बाकी सगळे उशिरा जायचे म्हणून त्यांचे आकडे चांगले दिसायचे. बाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

“म्हंजे हे तळ्यावरच जायचे?” त्यांनी विचारलं.

“हो. दर मंगळवारी, दर शुक्रवारी.”

त्या खाली बसल्या. पदर तोंडाशी धरला.

“नऊ वर्षं चारला उठून मी यांना च्या करून द्यायची,” त्या माझ्याशी बोलत होत्या पण बघत होत्या जमिनीकडे. “मग ते लेटर आलं. सुनेनं वाचून दाखवलं, हे तळ्यावर जातच न्हवते म्हणून. सगळे बसले होते, व्याहीबी आले होते. आणि मी यांना इचारलं.”

“काय विचारलंत?”

“मग पाटेचं उठून जायचा कुठं?”

खालच्या दुकानात भांड्यांचा आवाज होत होता. एका आकड्यासाठी मी एक ओळ लिहिली होती, आणि ती ओळ इथं, या घरात, येऊन बसली होती.

“ते काय म्हणाले?”

“काय न्हाई. एक शब्द न्हाई. त्या दिवसापासनं च्या बी स्वतः करून घेतात.” बाई आता रडत होत्या. “तुमी तर कागद बघून बोललात. मी यांना रोज बघत होते की.”

“पुरे गं,” मल्हारराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. ते मान वळवून पेपरची घडी घालत होते, नको तितकी नीट.

मी परत कामावर या म्हणाले, अभिराजशी भांडेन म्हणाले, ऐकलं नाही तर मीही सोडेन म्हणाले. ते नुसते नाही नाही अशी मान हलवत राहिले. “मासा मेला ते वाईट झालं,” एवढंच म्हणाले. पत्र मी सकवारबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी उलगडून बघत राहिल्या.

ते मला सोडायला खाली आले. मी नको नको म्हणत होते, पण ऐकेनात. रस्त्यावर रिक्षा थांबवली, कानडीत पत्ता सांगितला, स्वल्प हळू ने म्हणाले. बसता बसता मी विचारलं. न विचारून राहवेना.

“तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत? वेळ बघा, एवढं म्हणाला असतात तरी.”

त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं.

“वहीत लिवलं होतं की, अक्का,” ते म्हणाले. “मला वाटलं तुमी वाचता.”

मी हात जोडले, ते त्यांनी घाईघाईनं खाली केले. रिक्षा निघाली. वळणाशी मी मागे बघितलं. मल्हारराव जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभे होते, कठड्याला हात लावून. वर दारात सकवारबाई येऊन उभ्या होत्या, हातात ते पत्र. ते वर जात नव्हते, आणि त्या हाक मारत नव्हत्या.