मास्तरांच्या गोळ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी, पण नावारूपाला आलो बटणांमुळे. बिस्किटं संपल्यावर शिंपीमास्तरांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, मला धुऊनपुसून बटणं ठेवायला दुकानात आणलं. मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. गिऱ्हाइकांची मुलं मला खुळखुळवून बघत आणि अक्का त्यांच्यावर डोळे वटारी.

मास्तर कापड बेतत आणि शिवत. काजं-बटणं अक्काची. एरवी दोघांचं क्षणभर पटत नसे, पण कापडाजवळ पाणी आणायचं नाही, यावर मात्र एकमत. एकदा भारी रेशमावर तांब्या लवंडला होता. तेव्हापासून पाण्याची घागर मागच्या मोरीपाशी गेली ती गेलीच.

पुढे वाकून वाकून मास्तरांची मान धरली. दुखणं थांबवायच्या गोळ्या आल्या, बटणं बरणीत गेली आणि मी गोळ्यांचा डबा झालो. "अक्का, एक टाक गं," असं म्हणत मास्तर मशीनवरूनच हात मागे करत. अक्का गोळी तळहातावर ठेवी. पाण्यासाठी उठायचं तर चालू शिवण सोडावी लागे, म्हणून ते ती कोरडीच गिळत. जेवण हातातलं काम उरकल्यावर, म्हणजे बहुतेकदा नाहीच.

गोळ्यांबरोबर घडीचा एक कागदही आला होता. गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्यावी. जळजळ झाली तर बंद करून डॉक्टरांना विचारावं, असं त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं. अक्काने त्यात सुया टोचून ठेवल्या.

काही महिन्यांनी मास्तर छाती चोळू लागले.

"काय अरबट-चरबट खाल्लंस?" अक्काने विचारलं.

"खायला वेळ कुठे देतेस?" मास्तर हसले.

मग माझ्यात जळजळीच्या गोळ्याही आल्या. एक गोळी आग लावी, दुसरी तिच्यावर पांघरूण घाली, आणि दोघी माझ्याच पोटात शेजारी शेजारी नांदत. मला माझीच लाज वाटे. कहर म्हणजे जळजळीने छाती दुखायला लागली, की मास्तर दुखण्याची आणखी एक गोळी घेत.

एकदा समोरचे डॉक्टर कोटाचं माप द्यायला आले. मास्तरांचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी हात वर धरल्या धरल्या विचारलं, "बरं नाही का? काही औषध चालू आहे?"

"छे हो! औषध कसलं? जरा पित्त झालंय."

अक्कानेही मान हलवली. ती दोघं खोटं बोलत नव्हती. मशीनला तेल घालावं तशी मानेला गोळी. तिला औषध म्हणायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मी टेबलावर हातभर अंतरावर होतो. डॉक्टरांनी दोन चौकशा केल्या, दवाखान्यात या म्हणाले आणि गेले. मास्तर गेले नाहीत. शाळेचे गणवेश शिवायचे होते.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, मास्तर मोरीकडे धावले. उलटी काळपट लाल होती. अक्काची किंकाळी ऐकून शेजारचे आले आणि त्यांना उचलून घेऊन गेले. मास्तर परत आले नाहीत. अक्का येईल त्याला सांगे, "आत रक्तस्राव झाला म्हणे. पण नुसत्या जळजळीने माणूस जातो का हो?" गोळ्यांचं नाव तिने कोणाजवळही काढलं नाही, कारण तिला ते सुचलंच नाही.

राहिलेले गणवेश आता तीच शिवते. परवा तिची मान धरली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिने माझं झाकण उघडलं आणि एक गोळी कोरडीच गिळली. मी गंजलेलं झाकण घट्ट धरून बघितलं, पण तिच्या हातात जोर आहे.

मित्रांनो, मला सांगता येत नाही, तुम्हाला येतं. घरात कोणी छाती चोळताना दिसलं, तर दुखण्यावर काय घेतोस, ते विचारा. डॉक्टरांना घेतलेली प्रत्येक गोळी सांगा, अगदी साधीसुधी वाटली तरी. आणि शक्य असेल तर आधी अक्काकडे जा. काल तिने दोनदा छाती चोळली.