सोळावर एक पत्ता

"बोललेलं चालत नाही," डीलर म्हणाला. "आणि दुसऱ्यानं बोललेलं तर मुळीच नाही. वहिनींचा हात दिसू दे."

मेकॅनिकने तोंड मिटलं. आत्ताच तो बायकोच्या वतीने "पुरे" म्हणून मोकळा झाला होता. तिच्यापुढे बदामची सत्ती आणि किलवरची छक्की होती, म्हणजे तेरा, आणि त्याच्या मते तेरा भरपूर होते. चाळीस वर्षं लिफ्टची कामं केलेला माणूस कुठल्याही मर्यादेपर्यंत जात नाही, बराच अलीकडे थांबतो. पाटीवर 'आठ माणसे' असं लिहिलेलं असलं तरी हा सहाव्यानंतर हात आडवा धरायचा. सातवा कितीही काटकुळा असला तरी त्याला जिना दाखवायचा.

बायकोने डावा हात उचलला. उजवा मांडीवर होता, चार महिने तो तिथेच होता. डाव्या तर्जनीने तिने टेबलावर दोनदा टकटक केलं. डीलरने पत्ता सरकवला, अठ्ठी निघाली. तेरा आणि आठ एकवीस.

"जोडते," ती म्हणाली आणि हसली. चेहऱ्याची एकच बाजू हसली, पण आजारपणानंतर हसली ती पहिल्यांदाच. मेकॅनिकला एकदम भरून आलं आणि ते लपवायला त्याने उगाच डीलरच्या चहाची चौकशी केली.

'जोडते' हा एकच शब्द तिच्यापाशी उरला होता. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर तिने बत्तीस वर्षं काढली होती. सगळ्या मजल्यांवरच्या साहेबांना तिचा आवाज ओळखीचा होता, चेहरा फारसा कुणाला नव्हता. मग एका सकाळी बादली उचलताना मेंदूत काहीतरी बिनसलं. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. आता तिला पाणी हवं असलं तरी ती 'जोडते' म्हणायची आणि पंखा नको असला तरी तेच. मेकॅनिक अंदाज बांधायचा. पुढे पुढे अंदाज बांधायचेही कष्ट त्याने सोडले. कुणी तिला "कशा आहात?" विचारलं की हाच "बरी आहे" म्हणायचा. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्याहून जास्त त्याला भीती वाटत होती.

खालच्या मजल्यावरचा शेजारी बावीस वर्षं जहाजांवर होता, तिथल्या जुगाराच्या टेबलावर पत्ते वाटायचा. सगळी इमारत त्याला डीलरच म्हणायची. निवृत्तीनंतर त्याच्या बोटांना काम उरलं नव्हतं. एकदा तो विचारपूस करायला आला तो खिशात पत्त्यांचा कॅट घेऊन. त्याने सांगितलं की त्यांच्या टेबलावर तोंडचा शब्द धरत नाहीत. वर कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्याला कान नसतात. वाद झाला की हात बघतात. बोट आपटलं म्हणजे पत्ता द्या, तळवा आडवा फिरवला म्हणजे पुरे. अख्ख्या जगाची माणसं त्याच्यासमोर बसली होती, त्याला त्यांच्या दोन-तीनच भाषा यायच्या, तरी कुणाचं काही अडलं नाही.

तेव्हापासून रोज चार वाजता तिघं ब्लॅकजॅक खेळायला बसू लागले. खेळ म्हटला तर सोपा. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या पुढे गेलो की उडालो. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का सोयीप्रमाणे एकचा नाहीतर अकराचा. वाटणाऱ्याचा एक पत्ता उघडा, दुसरा झाकलेला. आपलं झालं की तो आपला झाकलेला उघडणार, आणि सतरा होईपर्यंत त्याला घ्यावंच लागणार, त्याला मर्जी नाही. पैशांऐवजी लावायला मेकॅनिकच्या हत्यारांच्या पेटीतले वॉशर होते. बायकोने आपले आकाराप्रमाणे लावून ठेवले होते.

पहिल्याच आठवड्यात सोळाचा धडा झाला. डीलरने स्वतःसमोर राजा उघडा ठेवला आणि मेकॅनिकला सोळा दिले. मेकॅनिकने तळवा फिरवला. डीलरने मान हलवली.

"नवा माणूस इथंच हात आखडतो. घेऊन उडालं की आपली चूक वाटते. बसून हरलं की म्हणतो नशीब. समोर राजा असला की सोळावर पत्ता घ्यायचा."

"घेतला की जिंकतो का?"

"छे. बहुतेक वेळा हरतोच. पण बसून राहण्यापेक्षा थोडं कमी."

असल्या खेळाला अक्कल म्हणायचं का, असं मेकॅनिकला वाटलं, आणि तो पुढेही सोळावर बसूनच हरत राहिला. बायकोला मात्र ते एका सांगण्यात कळलं.

एक दिवस डीलर डोळे तपासायला गेला होता, म्हणून वाटायला मेकॅनिक बसला. त्याच्यासमोर राजा होता, बायकोकडे सोळा. तिने बोट आपटलं. "अगं, सोळा झालेत," तो म्हणाला, "कशाला उगीच?" आणि पत्ता न देताच त्याने आपला झाकलेला उघडला. नव्वी होती, ती हरली. वाईट वाटून त्याने हरलेला वॉशर तिच्याकडे परत सरकवला. तिने तो घेतला नाही. आपले दोन्ही पत्ते तिने एकेक करून पालथे घातले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. दोन दिवस ती टेबलापाशी आली नाही, 'जोडते'सुद्धा म्हणाली नाही.

डीलरने ऐकून घेतलं. "आमच्याकडे यासाठी वाटणाऱ्याला टेबलावरून उठवतात," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिक तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. आयुष्यात माफी मागायची त्याला फारशी सवय नव्हती, त्यामुळे आधी तो स्टुलाचा पाय डुगडुगतोय याबद्दल थोडा वेळ बोलला. मग म्हणाला, "चुकलो मी. यापुढे तू बोट आपटलंस की मी पत्ता देणार. काहीही असो." तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक केलं.

पुढच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा लेकही आली होती. डॉक्टरांनी मानेतल्या रक्तवाहिनीचं चित्र दाखवलं, ती जवळजवळ बुजली होती. तशीच ठेवली तर दुसरा झटका आज ना उद्या येणार, आणि त्यात आहे तेवढंही जाईल. ऑपरेशन करून मोकळी करता येईल, पण यांच्या हृदयाकडे पाहता ऑपरेशनचाच धोका मोठा आहे. मी कुणालाच आग्रह करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. हे सगळं ते मेकॅनिककडे आणि लेकीकडे बघून सांगत होते.

"बाबा, नको," लेक म्हणाली. "आहे तशी आपल्याजवळ आहे ना ती?"

मेकॅनिकला हायसं वाटलं, कारण त्याच्याही ओठावर तेच होतं. "नको, डॉक्..." असं तो म्हणालाही. आणि शब्द अर्ध्यातच सोडला. तो उठला आणि बायकोची चाकांची खुर्ची वळवून त्याने टेबलाशी आणली, तिचा डावा हात टेबलावर पोचेल अशी.

"ऐकलंस ना सगळं? हे सोळा आहेत बघ," तो म्हणाला. "समोर राजा आहे. मी काही बोलत नाही."

ती आधी लेकीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. तिने तळवा फिरवावा असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने बोट उचललं आणि स्वतःच्याच फायलीवर दोनदा आपटलं.

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या?

"पत्ता द्या म्हणते," मेकॅनिक म्हणाला, आणि सही करायला त्याने पेन मागितलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. आत नेताना ढकलगाडी क्षणभर दाराशी थांबली होती, तेव्हा ती त्याला "जोडते" म्हणाली होती, पूर्वी बोर्डावर म्हणायची त्याच सुरात. त्यानंतर तिचा आवाज त्याने ऐकला नाही.

लेक परत जाण्याआधी म्हणाली, बाबा, तुम्ही नको म्हणायला हवं होतं. रागाने नव्हे, रडून थकल्यावर म्हणाली. भांडी घासताना तोही स्वतःला रोज तेच विचारत होता.

डीलर पंधरा दिवसांनी आला, चार वाजता. कॅट त्याने खिशातच ठेवला. मेकॅनिकने विचारलं, "खरं सांगा, चुकलं का आमचं?"

"वहिनी बरोबर खेळल्या," डीलर म्हणाला. "पत्ता वाईट आला. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण मला त्या वेगळ्या दिसायला वीस वर्षं लागली."

मेकॅनिकने मान डोलावली. पटलं की नाही, त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याने हत्यारांची पेटी आणली. टेबलावर बायकोचे वॉशर अजून आकाराप्रमाणे लावलेले होते, त्यांना हात न लावता त्याने आपला एक पुढे ठेवला. डीलरने पत्ते पिसले आणि वाटले. मेकॅनिकला नव्वी आणि सत्ती आली. डीलरसमोर राणी होती.

मेकॅनिकचा हात सवयीने आडवा झाला, सातव्या माणसापुढे व्हायचा तसा. तो तसाच थोडा वेळ राहिला. मग त्याने तर्जनी टेबलावर दोनदा आपटली.

डीलरने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पत्ता सरकवला. दश्शी निघाली. मेकॅनिक उडाला. त्याने हरलेला वॉशर डीलरकडे सरकवला, पेटीतून दुसरा काढला आणि त्याच जागी ठेवला.