फोनवर काय बोलणं झालं होतं

पोहायला शिकवणाऱ्या बाई शेअर दलालाच्या ऑफिसातून घरी आल्या, चपला भिरकावल्या आणि नवऱ्याच्या फोटोकडे पाठ करून बसल्या.

नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याने मागे ठेवलेले पैसे गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काढायला त्या गेल्या होत्या. दलालाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मऊ आवाजात सांगितलं, की पैसे ज्या रोख्यांत अडकलेत ते अजून बरीच वर्षं मोडता येणार नाहीत. शिवाय रोखे काढणारी कंपनीही डळमळीत झाली आहे.

"साहेबांना मी सगळे धोके सांगितले होते," तो म्हणाला. "त्यांनाच जास्त व्याजाचा मोह पडला."

उभ्या आयुष्यात बायकोला विचारल्याशिवाय भाजीसुद्धा न आणणारा माणूस, आणि जाता जाता असला जुगार खेळला? बाईंनी फोटोशी अबोला धरला. लंगडत लंगडत घर झाडायच्या, पण फोटोवरची धूळ काही पुसायच्या नाहीत.

बाईंची भाची एका वकिलाकडे टायपिंग करायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, धोका लपवून विकलं असेल तर तक्रार करायचा तुला हक्क आहे. हे सौदे फोनवर ठरतात आणि फोन टेप होतात. ती टेप आपल्याला मागता येते."

"आणि ह्यांनी खरंच हाव केली असेल तर?"

"मग त्यांच्याशी भांडायला पक्कं कारण मिळेल."

दलालाची कंपनी आधी म्हणाली, टेप सापडत नाही. मग उत्तरच देईना. भाचीने प्रकरण गुंतवणूकदारांच्या तक्रार कचेरीत नेलं, तेव्हा कुठे ती टेप सापडली.

सुनावणीची खोली लहान होती. दलाल समोरच बसला होता. अधिकाऱ्यांनी बटण दाबलं, आणि खोकल्याची ओळखीची उबळ ऐकू येताच बाईंनी भाचीचा हात घट्ट धरला.

"मधेच लागले तर मिळतील ना पैसे?" नवरा विचारत होता.

"कधीही काढा साहेब. बँकेत ठेवल्यासारखंच आहे."

"नीट सांगा हं. माझं काही फार राहिलेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. तिला अजून बोललो नाहीये. ती अख्ख्या शहराला पोहायला शिकवते, पण पैशाचं नाव काढलं की गटांगळ्या खाते. तिला कुणापुढे हात पसरायची वेळ यायला नको."

"निश्चिंत राहा साहेब."

बाईंना गटांगळ्यांवर हसू फुटलं आणि त्यातच रडूही आलं. दलाल टेबलाकडे बघत राहिला. अधिकाऱ्यांनी स्वतः उठून खिडकी उघडली आणि बाई सावरेपर्यंत कुणाला बोलू दिलं नाही.

निकाल बाईंच्या बाजूने लागला. दलालाच्या कंपनीला मुद्दल परत करावं लागलं. व्याज मात्र बुडालं ते बुडालंच.

"ही टेप मला घरी नेता येईल?" बाईंनी जाताना विचारलं.

"प्रत मिळेल तुम्हाला," अधिकारी म्हणाले. "त्यासाठी विनंती कसली करता? हक्कच आहे तुमचा."

प्रत हातात आली त्या संध्याकाळी भाची चहा घेऊन आत आली, तर मावशी टेपशी भांडत होत्या.

"डॉक्टरांचं मला का नाही सांगितलंत? जन्मभर भाजीचे भाव सांगत बसलात."

भाचीने कप अलगद टेबलावर ठेवला आणि दार ओढून घेतलं.