नॉर्थ टिल्बीचे कुंपणपंच

व्हिएतनामचं युद्ध चालू ठेवायचं की थांबवायचं हा विषय आमच्या गावसभेत एकोणिसावा होता. अठरावा विषय रस्त्यावरचा बर्फ ढकलायच्या नांगराचा आणि विसावा कुत्र्यांच्या पट्ट्यांचा. नांगरावरून तासभर भांडण झालं. युद्धाच्या वाट्याला एवढा वेळ येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण बाराला जेवण असतं.

नॉर्थ टिल्बी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळं गाव सभागृहात जमतं आणि हात वर करून पुढच्या वर्षाचा कारभार ठरवतं. सभेने ठरवलं की ठरलं. एकदा कुणीतरी थट्टेत पूल निळा रंगवायची सूचना मांडली आणि ती थट्टेतच मंजूर झाली. पूल अजून निळा आहे.

१९७० सालच्या सभेत युद्धाचा विषय माझ्या आईने घातला होता. वर्ना केचम कधी सह्या गोळा करत फिरेल असं कुणाला वाटलं नव्हतं. कारण मी होतो. डिसेंबरात सरकारने टीव्हीवर काचेच्या बरणीतून तारखा काढल्या. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याची सैन्यात आधी भरती. माझी चौदा फेब्रुवारी चौथीच निघाली. तोवर मला आयुष्यात काही लागलं नव्हतं, चर्चच्या सोडतीतला हॅमसुद्धा नाही. माझी तपासणी झाली, दात आणि पाय दोन्ही चांगले निघाले आणि एप्रिलात हजर राहायचा हुकूम आला.

वीस वर्षांचा असल्यामुळे मला मत नव्हतं. मत एकविसाव्या वर्षी मिळायचं. मत नसलेल्यांसाठी सभागृहात मागे एक बाक असतो. तिथे मी, न्यूयॉर्कहून येऊन राहिलेला एक चित्रकार आणि दुकानदार मेरिल कॉबचा कुत्रा असे तिघे होतो. कुत्र्याचा विषय पुढे येणार होता, म्हणून तो जरा सावध बसला होता.

"विषय एकोणीस," सभेचा अध्यक्ष ऑरिन स्टॉडर्ड म्हणाला. "युद्ध थांबवा असं वॉशिंग्टनला कळवायचं का. बोला. थोडक्यात बोला, बीन्स गार होतायत."

आई उठली. "अध्यक्षमहोदय, कळवावं," म्हणाली आणि बसली.

मग मेरिल कॉब उठला. तो मागच्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आलेला, त्यामुळे युद्धाच्या विषयावर सभा त्याचं ऐकायची. "वर्ना, तुझा जीव तुटतो ते मला कळतं. लायल माझ्या दुकानात लहानाचा मोठा झालाय. बरणीतली निम्मी बिस्किटं त्याच्याच पोटात आहेत. पण मी कुंपणपंच आहे, तेव्हा पंचासारखं बोलतो."

कुंपणपंच म्हणजे दोन शेतकरी बांधाच्या कुंपणावरून भांडले की निकाल द्यायला जातात ते तिघे. तिघांनीही जागेवर उभं राहून कुंपण पाहायचं असतं. एक जरी कमी असला तरी निकाल धरत नाहीत. आणि निकाल लागेपर्यंत दोन्हीकडची गुरं गोठ्यात बांधून ठेवायची हा रिवाज. एका वर्षी होसिया ड्राउन या पंचाला फ्लू झाला, तर दोन घरच्या गाई तो बरा होईपर्यंत कोरडं गवत चघळत उभ्या होत्या. आमचे तीन पंच म्हणजे मेरिल, ऐंशी पार केलेला होसिया आणि खुद्द ऑरिन स्टॉडर्ड.

"स्वयंपाकघरात बसून कुंपणाचा निकाल मी कधी दिला नाही," मेरिल म्हणाला. "जाऊन बघावं, मग बोलावं. तिथलं इथे कुणी बघितलंय का? नाही ना? मग ज्यांनी सुरू केलंय त्यांना करू द्या."

सभेला हे पटलं. माना हलल्या. तेवढ्यात आई पुन्हा उठली. ती एका सभेत दोनदा उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मेरिलचं बरोबर आहे," ती म्हणाली. "एक शेजारी उत्तरेचा, एक दक्षिणेचा. मधली हद्द कुठली, यावरून भांडण. तेव्हा अध्यक्षमहोदय, माझी दुरुस्ती अशी, की गावाने आपले कुंपणपंच पाठवावेत. आणि ते बघून येईपर्यंत रिवाजाप्रमाणे गुरं गोठ्यात राहावीत."

"कुठली गुरं, वर्ना?"

"ते काय, मागच्या बाकावर बसलंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चित्रकाराने मान खाली घातली. कुत्र्याने शेपटी हलवली. मी कुठे बघावं मला सुचेना, म्हणून मीही मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

ऑरिनने चष्मा लावून कायद्याचं पुस्तक उघडलं. तो कुठलीच सूचना हसण्यावारी नेत नसे. निळ्या पुलाच्या वेळीही तोच अध्यक्ष होता. "दोघांपैकी एका शेजाऱ्याची तक्रार लागते," तो म्हणाला. "आहे का तक्रार?"

"सोळा वर्षं दुसरं काय करतायत ते," खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं.

"पण हे पंचांच्या हद्दीत येतं का?" मेरिलने हसत विचारलं.

"हद्द कुठवर ते पंचच ठरवतात," ऑरिन वाचत वाचत म्हणाला. "सूचना नियमात बसते. बाजूने?"

सभागृह हसलं आणि हात वर झाले. मेरिलचाही झाला. हसता हसता माणसाचा हात आपोआप वर जातो. दुरुस्ती मंजूर झाली आणि सगळे खाली जेवायला गेलो.

जेवणात बीन्स, हॅम आणि तऱ्हेतऱ्हेचे पाय, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पोळ्या, होत्या. होसियाला ऐकू कमी येतं, त्यामुळे काय ठरलं ते त्याला टेबलावर ओरडून सांगावं लागलं.

"कुठे जायचंय?"

"व्हिएतनामला," ऑरिन ओरडला.

"कुणाचं शेत ते?"

"दुसऱ्याचं."

"गुरुवारी जाऊ," होसिया म्हणाला. "बुधवारी माझा दात काढायचाय."

मेरिल हसला, पण कमी हसला. त्याच्या बायकोने पलीकडून विचारलं, "मेरिल, तिकडे उकडतं म्हणतात. लोकरीची बंडी नको ना घालायला?" ती थट्टा करत होती की नाही हे त्याला कळेना. त्याने ऑरिनकडे पाहिलं. ऑरिन कागदी रुमालावर पेन्सिलीने काहीतरी मांडत होता, बहुधा रस्ता. मेरिलने सफरचंदाचा पाय अर्धा टाकून दिला. असं त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं.

मी आईशेजारी जाऊन बसलो. ती बीन्स चांगल्या भुकेने खात होती. डिसेंबरनंतर प्रथमच.

"आई, हे चालणार नाही," मी हळूच म्हणालो.

"पूल कुठल्या रंगाचा आहे?" तिने विचारलं.

जेवणानंतर सभा पुन्हा सुरू झाली आणि मेरिल लगेच उठला. "अध्यक्षमहोदय, मघाच्या दुरुस्तीवर फेरविचार व्हावा. मी तिच्या बाजूने हात केला होता, तेव्हा मागायचा हक्क मला आहे."

"आहे. कारण सांग."

"आपण सरळ मूळ विषय मंजूर करू. युद्ध थांबवा म्हणून कळवू. थांबवायचंच म्हटल्यावर कुंपण बघायला जायची गरज काय?"

"तू थांबवायच्या बाजूचा कधीपासून?"

"सकाळपासून विचार करतोय."

"सकाळी तर उलटं बोललास."

"सकाळी जेवण झालं नव्हतं," मेरिल म्हणाला.

लोकांनाही ते सोयीचं वाटलं. दूध काढायच्या वेळेआधी बाकीचे विषयही उरकायचे होते. शिवाय पंच गेले तर दुकान कोण उघडणार आणि पुढची सभा कोण चालवणार, हे प्रश्न आता जेवलेल्या पोटाला मोठे दिसू लागले होते. दुरुस्ती रद्द झाली. मग ऑरिनने मूळ विषय मताला टाकला. युद्ध थांबवावं. हातांचं रान उभं राहिलं. होसियानेही हात वर केला, शेजाऱ्याचं बघून.

"विरोधात?"

एक हात वर झाला. आईचा.

ऑरिनने चष्मा काढला. "वर्ना, विषय तूच घातलास."

"माहीत आहे."

"मग युद्ध चालू राहावं म्हणतेस?"

"गोठा चालू राहावा म्हणते." तिने हात खाली घेतला नव्हता. "वॉशिंग्टनने आपलं कधी ऐकलंय, ऑरिन? उद्याही नाही ऐकणार. ते त्यांचं आहे. पण गोठा आपला होता. त्याची कडी आपण लावली होती. जेवायला काय गेलात, काढून आलात."

मेरिल आपल्या बुटांकडे बघत होता. ऑरिनने हातोडी उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि मग अगदी हळू टेकवली. विषय विसावा, कुत्र्यांचे पट्टे.

तालुक्याच्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, की नॉर्थ टिल्बीने एक मत वगळता एकमुखाने युद्ध थांबवायला सांगितलं. त्या एका मताबद्दल कुठल्याशा देशभक्त संघटनेने आईचं अभिनंदन केलं आणि एक छोटा झेंडा पाठवला. वाटाणे कुठवर पेरलेत याची खूण म्हणून तिने तो वाफ्याच्या टोकाला रोवला. युद्धाला आमचा ठराव पोहोचला की नाही ते कळलं नाही. ते चालूच होतं.

एप्रिलात मी निघालो. बस मेरिलच्या दुकानासमोर थांबते. आई होती, ऑरिन होता, होसिया काठी टेकत आला होता.

"आपण थांबवलं ना ते?" होसियाने मोठ्याने विचारलं.

"थांबवलं," ऑरिन ओरडला.

"मग हा कुठे चाललाय?"

ऑरिनजवळ त्या दिवशी पुस्तक नव्हतं.

मेरिल बिस्किटांची पिशवी घेऊन दुकानातून बाहेर आला. ती त्याने माझ्या हातात कोंबली. मग तो म्हणाला, "तिकडे पोहोचलास की ते कुंपण बघून ठेव, लायल. आमच्या वतीने."

"एकाने बघितलेलं धरत नाहीत, मेरिल," आई म्हणाली. "तिघं लागतात."

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरने दार उघडलं. त्याने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या तीन पुरुषांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कितीजण येणार?"

ऑरिन निळ्या पुलाकडे बघत होता. मेरिलने टोपी काढून तिच्या आत पाहिलं. होसियाला प्रश्न ऐकू आला नव्हता.

"एकच," मी म्हणालो.