बशीतली गोळी

त्या घरात सकाळचा चहा सुनांना बशीसकट मिळायचा आणि बशीत, कपाच्या कडेला, बिस्किट ठेवावं तशी एक गोळी असायची. ती सासूबाई स्वतः ठेवत. गोळ्यांचा पत्र्याचा डबा त्यांच्या उशाशी असे. वेष्टनातून गोळी सोलून बशीत टाकायची आणि म्हणायचं, "घ्या, म्हणजे दिवसभर कुरकुर नको."

घराच्या पुढच्या खोल्यांत लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी, टेबलांवरची कापडं, डॉक्टरांचे पांढरे कोट. धुवायला यंत्र होतं, पण त्यातून ओलं ओझं उपसायचं, दोऱ्यांवर टाकायचं, इस्त्री करायची, घड्या घालायच्या, हे सगळं सुनांकडे. पुरुषांकडे गाठोडी पोचवणं आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं. "आमच्या घरात बाईनं कधी अंथरूण धरलं नाही," असं सासरे येईल त्याला ऐकवत. दुखणं अंगावर काढणं हा त्यांच्या लेखी सुनेचा पहिला गुण होता. दुसरा गुण मुकाट राहण्याचा.

धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्याही बशीत गोळी आली.

"आई, मला काही दुखत नाही," ती म्हणाली.

"दुखेल," सासूबाई म्हणाल्या. "कामाला लाग, मग कळेल."

धाकटीनं गोळी मुठीत लपवली आणि मोरीत टाकली. तेव्हापासून रोज टाकत आली. तिच्या जावेला, थोरलीला, ते जमण्यासारखं नव्हतं, कारण तिचं खरोखरच दुखायचं. मनगटं, कंबर, गुडघे. सकाळची पांढरी गोळी दुपारपर्यंत पुरायची. मग कमरेचं दुखणं पुन्हा डोकं वर काढायचं आणि तिचा नवरा औषधाच्या दुकानातून आणलेली लाल गोळी पुढे करायचा. "ती सांध्यांची, ही कमरेची," तो म्हणायचा. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं, एवढं त्याचं शास्त्र. दोन्ही एकाच जातीच्या, सूज आणि ठणका मारणाऱ्या, आणि एकीवर दुसरी घ्यायची नसते, हे दुकानदारानं सांगितलं नाही आणि यानंही विचारलं नाही. बायकोला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हेही त्यानं दुकानात कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि जेवण? आधी सासरे, मग त्यांचे दोन्ही मुलगे, मग सासूबाई, मग उरेल ते सुनांचं. सगळ्यांचं उरकून सुनांच्या पोटात पहिला घास जाईपर्यंत दुपार कलंडलेली असायची. गोळी मात्र सकाळीच जायची, रिकाम्या पोटात, नुसत्या चहावर. सुनेनं आधी जेवणं हा त्या घरात उद्धटपणा होता.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं एकीनं धरायची, दोन दुसरीनं. ताणायची, मग चालत जवळ येऊन टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. जवळ आलं की दोन वाक्यं बोलून घ्यायची, हा दोघींचा रिवाज.

"ताई, तुमच्या पायांवर चपलेचे पट्टे रुतलेत. केवढे सुजलेत!"

"उभं राहून सुजतात गं."

"माझे नाही सुजत."

"तू नवी आहेस. अजून दुखण्याचा हप्ता सुरू व्हायचाय तुझा." थोरली हसली. पुढच्या घडीला जवळ आली तेव्हा हसत नव्हती. "दोन दिवस झाले, शौचाला काळं होतंय. डांबरासारखं. आणि इथे, छातीखाली, निखारा ठेवल्यासारखं जळतं."

"भाऊजींना सांगितलंत?"

"ते म्हणाले, पोट साफ होतंय, चांगलं आहे."

धाकटीनं चादर तिथेच टेबलावर टाकली आणि आत गेली. सासूबाई आपला गुडघा चोळत बसल्या होत्या.

"आई, ताईंना दवाखान्यात न्यायला हवं. आजच."

"आली मोठी डॉक्टरीण! उद्या हॉटेलच्या चादरी द्यायच्यात, त्यांच्या घड्या काय तुझा बाप घालणार?"

"त्यांचं रक्त जात असेल आतून."

"माझं तीस वर्षं काय जात होतं मग? पाणी? आम्ही बोंबलत फिरलो नाही." त्यांनी मान फिरवली. "परवा बघू."

रात्री धाकटीनं नवऱ्यालाही सांगून पाहिलं. त्यानं कूस बदलून पांघरूण डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या बशीत दोन गोळ्या होत्या. "आज काम जास्त आहे," सासूबाई म्हणाल्या आणि ती गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. धाकटी म्हणाली, "ताई, नका घेऊ." थोरलीनं तिच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि चहाच्या घोटाबरोबर दोन्ही गिळल्या. धाकटीला तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण तिच्या हातात नुसतं बोलणंच होतं.

दुपारच्या आत ते झालं. चादर ताणून दोघी जवळ येत होत्या आणि थोरली मध्येच थांबली. तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम आला, आणि तिला उलटी झाली. काळपट लाल, गुठळ्यांची. सगळी त्या पांढऱ्या चादरीवर. मग ती चादरीसकट खाली बसली आणि आडवी झाली.

आवाज ऐकून सासूबाई दारात आल्या. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: "अगं, चादर! गिऱ्हाइकाची चादर!"

इस्पितळात थोरलीला रक्ताच्या बाटल्या चढल्या. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या कपाळाला आठी घालूनच.

"पोटात जखम होऊन रक्तस्राव झालाय. मूत्रपिंडंही दमलीत. दुखण्यावरच्या गोळ्या किती दिवसांपासून चालू होत्या?"

"अधूनमधून," थोरलीचा नवरा, थोरला, म्हणाला.

"रोज," धाकटी म्हणाली. "सकाळी पांढरी, दुपारी लाल."

"काही खाऊन घेत होत्या?"

"आमच्या घरात कुणी उपाशी नसतं," सासरे ताडकन म्हणाले.

"असतं," धाकटी म्हणाली. "तुमची सगळ्यांची जेवणं होईपर्यंत आम्ही दोघी उपाशीच असतो."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "घरातलं घरात ठेवायचं असतं, कळतं का?"

"घरातलं घरातच ठेवलं होतं ना, बाबा. म्हणून तर इथवर आलो."

डॉक्टरीणबाईंनी त्या भांडणात तोंड घातलं नाही. त्या थोरल्याला म्हणाल्या, "ही औषधं वाईट नाहीत, मीसुद्धा देते. पण लागेल तेवढीच, थोडे दिवस, पोटात अन्न असताना, आणि एका वेळी एकच. ज्यांना रक्तदाब आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, पोटात कधी जखम झाली आहे, त्यांनी विचारल्याशिवाय घ्यायचीच नाहीत. यापुढे यांना ही गोळी नाही. कुठल्याही नावाची नाही, कुठल्याही रंगाची नाही. दुखलं तर माझ्याकडे आणा. आणि शौचाला काळं झालं तर उद्या-परवा नाही, त्याच क्षणी आणा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

थोरली घरी आली ती भिंतीला धरून चालत. पहिल्याच सकाळी चहा आला. बशीसकट. आणि बशीत एक हिरवी गोळी होती.

धाकटीला आधी ते खरंच वाटेना.

"आई, हे काय?"

"ही ती नव्हे. हिरवी आहे ही, साधी. आता कामाला उभं राहायचं तर काहीतरी आधार नको?" सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

गाठोडी पोचवायला लवकर निघायचं म्हणून टेबलाशी सासरे आणि दोघे मुलगे सकाळीच जेवणाची वाट बघत बसले होते. धाकटीनं बशी उचलली आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी आपटली. चहा सांडला. "ही तुम्ही घ्या. तुम्हाला कुणी सांगितलं तर घ्याल ना मुकाट्यानं?" मग तिनं एक ताट वाढलं. गरम भात, भाजी, वर दही. ते घेऊन ती सासऱ्यांच्या पुढून गेली आणि थोरलीसमोर ठेवलं.

"आमचं काय?" सासरे गरजले.

"ताई जेवतील. मग मी जेवीन. मग तुमचं."

"इस्त्र्या तापवायच्यात," थोरला म्हणाला.

"तापवा की. हात आहेत तुम्हाला."

थोरली ताटाकडे बघत होती. या घरात आल्यापासून टेबलाशी पुरुष उपाशी बसलेले असताना तिनं घास घेतला नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं डोळे वटारले. आणि तिनं घास उचलून तोंडात घातला. चावायला तिला फार वेळ लागला.

सासूबाईंना ते बघवेना. "माझ्या पोटात नाही का जळत?" त्या एकदम ओरडल्या. "मला नाही होत काळं? मी सांगितलं कधी कुणाला? मला वाढलं कधी कुणी आधी?"

धाकटी थबकली. मग तिनं आणखी एक ताट काढलं.

"नाही वाढलं, हे चुकलंच. बसा, आई. आता वाढते. आणि जेवून झालं की दवाखान्यात जाऊ."

सासूबाईंनी त्या ताटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता. त्यांनी गोळ्यांचा डबा काखेत मारला आणि आत जाऊन धाडकन दार लावून घेतलं.

धाकटीनं ताट उचललं नाही. ते तसंच झाकून ठेवलं, आणि जाऊन त्या दारावर थाप मारली. पुन्हा मारली. थोरलीचं जेवण संपलं तरी मारतच होती.

दाराआडच्या बाईची बशी स्वयंपाकघरात ओट्यावर राहिली होती. चहा निवला होता आणि कपाच्या कडेला त्यांची स्वतःची पांढरी गोळी होती. ती तीस वर्षं त्यांना का लागत आली, हे विचारायला टेबलाशी बसलेला एकही पुरुष उठला नाही.

तुमच्या घरी आज सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? जेवण्याआधी तिनं काय गिळलं, तेही विचारा.