मामांच्या हातातला माईक

मानाच्या माणसाच्या हातातला माईक काढून घ्यायचा नाय, जीव गेला तरी. आमच्या साऊंडच्या धंद्यातली ही रीत. आग लागो त्या रीतीला!

चांदवडला लग्न होतं. नवरदेव घोडीवरून मांडवाच्या दारात आला आणि नवरीचे मामा, रंगनाथ, स्वागत करत करत माईक घेऊन थेट आवाजाच्या बॉक्ससमोर, स्पीकरसमोर, येऊन उभे राहिले. माझ्या नवऱ्यानं, दीपकनं, मिक्सरमागून हात जोडले. "मामा, जरा मागं सरा." त्याचा कान लय तयार. शिट्टी सुटायच्या आधीच त्याला कळतं, आणि त्या कानावरच आमचं घर चालतं. माईकनं घेतलेला आवाज बॉक्स मोठा करतो, तोच परत माईकात शिरतो, आणखी मोठा होऊन बाहेर येतो. असा फिरून फिरून वाढतो आणि मग नुसता किंचाळतो, तीच ही शिट्टी.

"तू शिकवतो का रे मला?" मामा म्हणाले. तेही माईकातूनच!

शिट्टी सुटली. घोडी उधळून मागच्या पायांवर उभी राहिली, नवरदेव खाली आपटला, डोकं फुटलं. त्याचे भाऊ दीपकवर तुटून पडले. मिक्सरमागून त्याला फरफटत ओढला. लाथा, खुर्च्या. एकानं तर दोन्ही तळहात एकदम त्याच्या कानांवर हाणले.

मामा घाबरले. माणूस भला, पण माईक सोडेना. "मारू नका! अरे, मारू नका!" ते जितकं ओरडत, तितकी शिट्टी चढायची. पोरांना वाटलं, आम्हीच मुद्दाम लावलीय. "बंद कर, भाड्या!" म्हणत ते जास्तच हाणायला लागले. आवाज तोडायचा तर मिक्सर त्यांच्याच पायाखाली होता.

"मामा, माईक टाका!" मी बोंबलले. कोण ऐकतंय?

मी माईकचा लोखंडी स्टँड उचलला आणि मामांच्या मनगटावर घातला. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं. माईक खाली पडला, मी झडप घालून त्याचं बटण बंद केलं.

शिट्टी थांबली. उगारलेली खुर्ची एकानं न मारताच खाली ठेवली. मारणारे सगळे धडधाकट होते आणि वाचवणारा एकटा मोडका हात धरून मातीत बसला होता. मला रडू फुटलं.

मी दीपकचं डोकं मांडीवर घेतलं. दोन्ही कानांतून रक्त येत होतं.

"मैना," तो म्हणाला, "आधी ती शिट्टी बंद कर ना गं."